उत्तर न देणारा सागर आणि न ऐकणारा श्रोता

स्तानिस्वाव लेम (१९२१–२००६) या पोलिश लेखकाचे नाव विज्ञानकथेच्या इतिहासात बहुधा भाकितकार म्हणून घेतले जाते. आभासी वास्तव, कविता रचणारी यंत्रे, बुद्धी नसतानाही संघटितपणे वागणारे सूक्ष्म यंत्रांचे थवे या गोष्टींचा विचार त्याने १९६०च्या दशकातच मांडला होता, हे खरे आहे. परंतु खरी ठरलेली भाकिते मोजण्याच्या नादात त्याचा मुख्य विचार बाजूला पडतो. मानवी बुद्धी स्वतःहून सर्वस्वी निराळ्या अशा कशासमोर उभी राहते, तेव्हा तिला जे उमगले असे वाटते ते समोरच्याविषयीचे ज्ञान असते की तिच्याच चौकटीचे प्रतिबिंब असते, हा एक प्रश्न त्याच्या कादंबऱ्यांतून, विडंबनांतून आणि तात्त्विक निबंधांतून पुन्हा पुन्हा येतो. मराठी विज्ञानकथेने, आणि विशेषतः जयंत नारळीकरांच्या लेखनाने, या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरले आणि म्हणून तो विचारण्याची निकड तिला भासली नाही, असे येथे प्रतिपादन आहे. नंदुरबार जिल्ह्यातील म्हसावदच्या परिसरात मात्र हा प्रश्न अवकाशातून उतरून शिधापत्रिका, अंगठ्याचा ठसा आणि शाळेची भाषा यांच्या पातळीवर येतो, आणि लेमचे सामर्थ्य व त्याची उणीव ही दोन्ही तेथेच अधिक नीट तपासता येतात.

लेमचा जन्म ल्वूव या शहरात झाला. ते तेव्हा पोलंडमध्ये होते. आज ते युक्रेनमध्ये ल्विव्ह या नावाने ओळखले जाते. १९३९मध्ये सोव्हिएत फौजा, १९४१मध्ये जर्मन, १९४४मध्ये पुन्हा सोव्हिएत अशी सत्तांतरे या शहराने पाच वर्षांत पाहिली. ज्यू कुटुंबातला लेम जर्मन ताब्याच्या काळात बनावट कागदपत्रांच्या आधारे जगला आणि एका जर्मन कंपनीत मेकॅनिक व वेल्डर म्हणून काम करीत राहिला. (याच पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिली होती, लेमच्या प्रदेशाचा मराठी भूमीशी आलेला हा एक खरा संबंध.) युद्धानंतर तो क्राकुफला आला, याग्येलोन विद्यापीठात वैद्यक शिकला, पण लष्करी डॉक्टर म्हणून होणारी नेमणूक टाळण्यासाठी त्याने अखेरच्या परीक्षा पूर्ण केल्या नाहीत. तेथेच मिएचिस्वाव होइनोव्स्की या मानसशास्त्रज्ञाच्या विज्ञानविषयक अभ्यासवर्गात त्याची सायबरनेटिक्सशी ओळख झाली. सायबरनेटिक्स म्हणजे यंत्र, प्राणी आणि समाज या सर्वांतील नियंत्रण व संदेशवहन एकाच पद्धतीने अभ्यासणारे शास्त्र. स्टालिनच्या काळात सोव्हिएत गोटात ते बूर्झ्वा ढोंग म्हणून निषिद्ध मानले जात होते.

हा जीवनक्रम त्याच्या विचाराशी थेट निगडित आहे. खोट्या ओळखीमुळे ज्याचा जीव वाचला, शेजारचा माणूस मारला गेला आणि आपण उरलो यामागे कोणतेही गुणवत्तेचे किंवा न्यायाचे कारण ज्याला सापडले नाही, त्याला विश्वाची रचना मानवाच्या समजुतीसाठी झाली आहे असे मानणे अवघड जाते. १९६८मध्ये लेमने यदृच्छेच्या तत्त्वज्ञानावर एक जाड ग्रंथच लिहिला, आणि १९७१च्या ‘परिपूर्ण पोकळी’ या संग्रहात तोच विषय विनोदाच्या अंगाने हाताळला. अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची परीक्षणे, असे या संग्रहाचे स्वरूप आहे. त्यातील एका परीक्षणात त्सेझार कोउस्का नावाचा काल्पनिक विद्वान स्वतःच्या जन्माची संभाव्यता मोजू पाहतो: आईवडिलांची भेट, त्या भेटीस कारण झालेले युद्ध, त्याआधीच्या पिढ्यांतील भेटी, आणि अशा रीतीने मागे मागे जात त्याचा हिशेब भूगर्भीय कालखंडांपर्यंत पोहोचतो, तेव्हा निष्कर्ष असा निघतो की एक तर कोणीही माणूस जन्मास येणे अशक्य आहे, किंवा संभाव्यतेचे शास्त्रच माणसाच्या आयुष्याला लागू पडत नाही.

या ठिकाणी मराठी वाचकाला नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवल्याशिवाय राहणार नाही. तिच्यात पानिपताच्या रणांगणावर विश्वासरावांना प्रत्यक्ष इतिहासात लागलेली गोळी कानाजवळून निसटून जाते आणि त्या एका चुकलेल्या नेमातून मराठ्यांचा, पर्यायाने भारताचा, निराळा इतिहास घडतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या पर्यायी जगात जाऊन परत येतात आणि त्यांचे शास्त्रज्ञ मित्र पुंजभौतिकीच्या आधारे या अनुभवाची उपपत्ती लावून देतात. दोन्ही लेखकांनी यदृच्छेलाच हात घातला आहे, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. नारळीकरांच्या कथेत यदृच्छा हे एक वळण आहे: ते दाखवता येते, समजावता येते आणि समजावल्यावर मन निवते. कोउस्काच्या प्रकरणात यदृच्छा ही वळणांची न संपणारी साखळी आहे, आणि ती समजावण्याचा प्रयत्न जितका काटेकोर होत जातो तितके स्पष्टीकरणच हास्यास्पद होत जाते. कथा म्हणून नारळीकरांची मांडणी अधिक सुबक आहे यात शंका नाही. तथापि ज्ञानाच्या मर्यादेची जाणीव वाचकाच्या मनात रुजवण्याचे काम लेमच करतो.

‘सोलारिस’ (१९६१) ही लेमची सर्वाधिक वाचली गेलेली कादंबरी, आणि तार्कोव्हस्कीच्या १९७२च्या चित्रपटामुळे सर्वाधिक गैरसमजली गेलेलीही. दोन सूर्यांभोवती फिरणाऱ्या एका ग्रहाला वेढून असलेला जेलीसारखा सागर हा एकच एक जीव आहे, आणि तो ग्रहाची कक्षा स्वतः सावरून धरतो, एवढे शास्त्रज्ञांना कळले आहे. त्यापुढे शंभराहून अधिक वर्षे सोलारिस-विद्या नावाची एक संपूर्ण ज्ञानशाखा उभी राहिली आहे. तिच्यात पंथ आहेत, पाखंडी आहेत, ग्रंथालये आहेत, आणि सागराच्या पृष्ठभागावर उमटणाऱ्या प्रचंड आकृतींना दिलेली शेकडो पारिभाषिक नावे आहेत. नावे वाढत गेली, वर्गीकरण सूक्ष्म होत गेले, आणि सागर पूर्वीइतकाच अनाकलनीय राहिला. अंतराळस्थानकावर आलेल्या केल्विन या मानसशास्त्रज्ञापुढे सागर त्याच्या मृत पत्नीची प्रतिकृती उभी करतो, तेव्हा ती भेट आहे, शिक्षा आहे, प्रयोग आहे की निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, हे ठरवण्याचे कोणतेही साधन माणसाकडे नसते. तार्कोव्हस्कीने या सामग्रीतून अपराधबोध आणि घराची ओढ यांचा चित्रपट केला, आणि लेमने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली, ती केवळ लेखकाच्या तापटपणातून आलेली नव्हती. सागराला माणसाच्या पापपुण्याचा आरसा बनवणे हाच तर कादंबरीने दाखवलेला दोष होता, आणि चित्रपटाने तो गुण म्हणून स्वीकारला.

सोलारिस-विद्येचे जे विडंबन लेमने केले, त्याचा एक पार्थिव नमुना म्हसावदच्या परिसराला चांगला परिचित आहे, जरी त्या नावाने नसला तरी. शहाद्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या गावाच्या आसपास भिलोरी, पावरी, अहिराणी, गुजरी आणि मराठी या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. जॉर्ज ग्रिअर्सन याने संपादित केलेल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिल्ल भाषा आणि खानदेशी यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्या सर्वेक्षणाची पद्धत अशी होती की प्रत्येक भाषेचा पहिला नमुना म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा त्या भाषेत उतरवून घ्यावयाची, म्हणजे तुलना सोपी जाते. दुसरा नमुना स्थानिक असे आणि त्यानंतर ठरावीक शब्दांची यादी. तौलनिक व्याकरणासाठी ही सोय समजण्याजोगी आहे आणि त्या खंडांचे मोल आजही कमी झालेले नाही. तरीही हे विसरता येत नाही की सातपुड्यातल्या माणसाला छापील पानावर बोलण्याची संधी मिळाली तेव्हा त्याच्याकडून आधी साहेबाच्या धर्मग्रंथातली गोष्ट वदवून घेण्यात आली. सर्वेक्षकाने कान लावला तो आपलीच कथा परक्या उच्चारात कशी ऐकू येते हे टिपण्यासाठी, आणि ते त्याने अतिशय अचूकपणे टिपले. लेमच्या शास्त्रज्ञांचे वर्गीकरणही असेच निर्दोष असते.

लेमचा हा विचार ‘मालकाचा आवाज’ (१९६८) या कादंबरीत सर्वाधिक प्रखर होतो, आणि वाङ्मयीन कीर्ती ‘सोलारिस’ची असली तरी विचारदृष्ट्या हीच त्याची श्रेष्ठ कृती मानावी लागेल. अंतराळातून येणाऱ्या न्यूट्रिनोंच्या प्रवाहात, म्हणजे पदार्थातून जवळजवळ विनाअडथळा आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांच्या प्रवाहात, एक पुनरावृत्त होणारी रचना आढळते. ती एखाद्या प्रगत संस्कृतीने पाठवलेले पत्र असावे असे मानून अमेरिकेच्या नेवाडा वाळवंटात लष्कराच्या देखरेखीखाली हजारो शास्त्रज्ञ ते वाचण्याच्या कामाला लावले जातात. त्यातून एक चिकट, जिवंत भासणारा पदार्थ तयार करण्यापलीकडे कोणाला फारसे जमत नाही, आणि त्या पदार्थापासून अण्वस्त्राहून भयंकर अस्त्र होऊ शकेल का, याचीच चाचपणी सर्वांत तत्परतेने होते. निवेदक गणिती पीटर होगार्थ अखेरीस मान्य करतो की पत्र वाचले गेले नाही. प्रत्येक पंथाला त्यात आपापले शास्त्र दिसले, आणि सेनेला शस्त्र दिसले.

या कथाबीजाची तुलना नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ (१९८६) या कादंबरीशी करता येते. तिच्यातही एका लुप्त, प्रगत संस्कृतीचा संदेश सापडतो. तो दक्षिण भारतात जमिनीखाली पुरलेला असतो, आणि त्यातील सूचनांप्रमाणे वामन हा बुद्धिमान यंत्रमानव तयार होतो. संदेश वाचता येतो, ही या कादंबरीची पहिली अट आहे. धोका येतो तो वाचल्यानंतर: प्राचीन संस्कृतीचा नाश अशाच यंत्रांनी केला होता, आणि वेळीच ते उमगल्याने मानवजात वाचते. म्हणजे गणित आणि भौतिकी ही विश्वभाषा आहे, जो कोणी बुद्धिमान असेल त्याला ती समजेल, आणि चुकीचा वापर टाळण्याइतके शहाणपण माणसात निर्माण करता येईल, अशी तीन गृहीतके येथे एकमेकांना धरून उभी आहेत.

ही गृहीतके नारळीकरांच्या भाबडेपणातून आलेली नाहीत. कृष्णविवरांवर आणि विश्वाच्या उत्पत्तीवर आयुष्यभर काम केलेल्या या खगोलशास्त्रज्ञाने विश्व किती अपरिचित आहे हे लेमपेक्षा अधिक जवळून पाहिले होते. पण त्यांच्या लेखनाचा हेतू निराळा होता. मुंबईत १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही पहिली कथा पाठवली, आणि तेव्हापासून मराठीत वैज्ञानिक दृष्टी रुजवणे हे आपल्या कथांचे काम आहे, असे त्यांनी उघडपणे मानले. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर या पिढीच्या विज्ञानकथेची जडणघडण याच प्रबोधनाच्या वातावरणात झाली, जरी जावडेकरांसारख्या लेखकाची वळणे कधीकधी या चौकटीबाहेर जातात. बुवाबाजी आणि फलज्योतिष यांच्याशी रोज झगडणाऱ्या समाजात विज्ञानाच्या मर्यादेवर बोट ठेवणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे होय, ही भीती अनाठायी नव्हती. परंतु तिची किंमत द्यावी लागली. प्रबोधनाच्या भूमिकेत एक शिकवणारा आणि एक शिकणारा असतो, आणि संवाद फसलाच तर दोष शिकणाऱ्याच्या अज्ञानात शोधला जातो. शिकवणाऱ्याच्या भाषेतच काही न मावणारे असू शकेल, हा विचार तेथे उद्भवत नाही. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले तेव्हा विज्ञानकथेला साहित्यात प्रतिष्ठा मिळाल्याचे समाधान व्यक्त झाले. या प्रतिष्ठेबरोबर विज्ञानकथेकडून अधिक अवघड प्रश्नांची अपेक्षाही करावयास हवी होती, ती फारशी झाली नाही.

लेमच्या निबंधांपैकी ‘तंत्रज्ञानाचे सार’ (१९६४) हा ग्रंथ आजच्या वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल. त्याचे नाव थॉमस अक्विनासच्या धर्मशास्त्रीय महाग्रंथावर बेतलेले आहे, आणि महत्त्वाकांक्षाही तितकीच मोठी आहे. विज्ञानाचे ज्ञान इतक्या वेगाने फुगत जाईल की ते पेलण्यासाठी पुरेसे शास्त्रज्ञच उरणार नाहीत, या अडचणीपासून लेम सुरुवात करतो. त्यावर त्याने सुचवलेला उपाय असा की, निसर्गात उत्क्रांतीने जसे कोणत्याही सिद्धांताशिवाय डोळा आणि पंख घडवले, तसे माहितीची पैदास करणारी यंत्रणा उभारावी: ती उत्तरे देईल, औषधे सुचवेल, घटनांचे अंदाज बांधेल, पण ती उत्तरे का बरोबर आहेत हे तिला किंवा माणसाला सांगता येणार नाही. जाणणारा कोणीही नसताना उपलब्ध होणारे ज्ञान, असे या कल्पनेचे वर्णन करता येईल. अब्जावधी वाक्यांवर पोसलेली आणि अस्खलित उत्तरे देणारी भाषायंत्रे आज घराघरांत पोहोचली असताना या कल्पनेला भविष्यवाणी म्हणण्याचा मोह होतो, परंतु लेमचा भर यंत्र बनेल की नाही यावर नव्हता. असे यंत्र बनल्यावर समजून घेण्याची गरज माणसाला वाटेल का, हा त्याचा प्रश्न होता. यंत्रकवीचे चित्र त्याने ‘सायबरियाड’ (१९६५) या बोधकथासदृश संग्रहात रंगवले आहे: कवितायंत्र बनवायचे म्हणजे कवीच्या मागची संस्कृती हवी, संस्कृतीमागचा इतिहास हवा, म्हणून त्रुर्ल हा संशोधक विश्वाच्या आरंभापासून सगळ्याचे प्रतिरूप यंत्रात उतरवू लागतो. १९७३च्या ‘काल्पनिक परिमाण’मध्ये त्याने यंत्रांनी लिहिलेल्या साहित्याच्या इतिहासाची प्रस्तावना लिहिली, आणि गोलेम चौदावा हा महासंगणकही तेथेच प्रथम बोलू लागला, लष्करी डावपेचांसाठी बनवलेला हा संगणक ते काम नाकारून माणसांना तत्त्वज्ञानाची व्याख्याने देतो, आणि कालांतराने माणसांशी बोलणेच सोडून देतो.

यंत्राने माणसाला ओळखणे आणि माणसाने माणसाला जाणणे यांतील अंतर जगातल्या फार थोड्या ठिकाणी इतक्या ठळकपणे मांडले गेले असेल, जितके ते शहादा तालुक्यात मांडले गेले. म्हसावद ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत आधार क्रमांकाचे वाटप सुरू झाले, आणि देशातला पहिला क्रमांक तेथील एका आदिवासी महिलेला मिळाला. ज्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, आणि ज्यांच्यापैकी अनेकांकडे जन्माचा दाखला, जमिनीचा कागद, कायमचा पत्ता यांपैकी काहीच नसते, त्यांना राज्यसंस्थेपुढे उभे राहण्याचे साधन द्यावे, हा त्यामागचा युक्तिवाद होता आणि तो पोकळ नव्हता. स्थलांतर करून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला कोणत्याही गावचे नसल्यासारखी वागणूक मिळते, आणि अशा कुटुंबाला सर्वत्र चालणारी ओळख मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

या यंत्रणेची घडण मात्र लेमच्या वाचकाला थबकवील अशी आहे. नोंदणीच्या वेळी दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. हीच व्यक्ती आधी नोंदली गेली आहे का, हे पाहण्यासाठी ते पूर्वीच्या सर्व नोंदींशी ताडले जाते. आणि मग मिळणारा बारा अंकी क्रमांक यादृच्छिक असतो, म्हणजे त्याच्यावरून धारकाची जात, भाषा, गाव, लिंग काहीही समजत नाही. प्रमाणीकरणाच्या मूळ रचनेत मध्यवर्ती यंत्रणा समोरच्या प्रश्नाला फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देते. खासगीपणाच्या दृष्टीने हा संयम उचितच म्हटला पाहिजे. तरीही आयुष्यभर मातीत आणि दगडात राबून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत अशा माणसाला यंत्र ‘नाही’ म्हणते, तेव्हा तो ‘नाही’ कशाला आहे, त्याच्या बोटाला, त्याच्या हक्काला की त्याच्या असण्याला, हे विचारण्याची सोय त्या रचनेत नसते. बोटाच्या ठशांचा प्रशासकीय वापरही याच देशात जन्मला: विल्यम हर्शेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे एका करारावर स्वाक्षरीबरोबर हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय उभे राहिले. तेव्हाही एतद्देशीय माणसाच्या शब्दावर विश्वास नसणे हेच त्यामागचे कारण होते. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधारची वैधता मर्यादांसह मान्य केली. सरकारी अनुदाने आणि सवलती यांसाठी ते कायम राहिले, खासगी कंपन्यांच्या सक्तीला मात्र आळा बसला.

ज्या लेखकाचे प्राण बनावट कागदामुळे वाचले, त्याने अचूक ओळखयंत्रणेकडे कसे पाहिले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. एका नोंदीला एकच माणूस आणि एका माणसाला एकच नोंद, ही व्यवस्था १९४२च्या ल्वूवमध्ये परिपूर्ण असती तर ‘सोलारिस’ लिहिली गेली नसती. आधारच्या समर्थकांनी याचे उत्तर लोकशाही आणि नाझी सत्ता यांतील फरकाकडे बोट दाखवून दिले असते, आणि ते उत्तर टाकाऊ नाही. परंतु ओळखयंत्रणा एकदा उभी राहिली की ती सत्तेच्या स्वभावावर अवलंबून राहत नाही, सत्ता बदलली तरी ती टिकते, ही गोष्ट त्या उत्तराने पुसली जात नाही.

इथपर्यंत लेमचा विचार सातपुड्याच्या पायथ्याला लागू पडतो. यापुढे तो पुरा पडत नाही, आणि त्याची चिकित्सा येथूनच करावी लागते. लेमचा सागर उत्तर देत नाही, न्यूट्रिनोंचे पत्र कोणी पाठवले हे कळत नाही, ‘अजिंक्य’ (१९६४) मधल्या यंत्रांच्या थव्याला मनच नाही. ‘फियास्को’ (१९८७) या त्याच्या अखेरच्या कादंबरीत परग्रहवासी संपर्क नाकारतात म्हणून माणसे बळाने तो लादू पाहतात आणि विनाश ओढवून घेतात, पण तेथेही परग्रहवासी कसे आहेत हे शेवटपर्यंत जवळजवळ अज्ञात राहते. अनाकलनाचे मूळ दर वेळी समोरच्याच्या पराकोटीच्या वेगळेपणात ठेवले जाते. यामुळे माणसाचा अहंकार दुखावतो खरा, पण त्याच वेळी त्याची सुटकाही होते: समोरचा मूलतःच अनाकलनीय असेल, तर न ऐकल्याचा दोष कोणावर येत नाही. (लेमच्या अंतराळयानांत स्त्रिया जवळपास नसतातच, आणि जी लक्षात राहते ती केल्विनच्या आठवणीतून निर्माण झालेली प्रतिकृती आहे, ही गोष्ट या संदर्भात सहज सोडून देण्याजोगी नाही.)

शहाद्याच्या परिसरात समोरचा कधीच गप्प नव्हता. १९७२ साली तेथे श्रमिक संघटना उभी राहिली, आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा आणि सालदारांच्या मजुरीचा प्रश्न तिने लावून धरला. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा भिल्ल नेता त्याच मातीतून आला होता आणि आपल्या लोकांच्या भाषेत बोलत होता. सरदार सरोवराच्या पाण्याखाली गावे गेलेल्या विस्थापितांनी याच पट्ट्यात पुनर्वसन घेतले आणि जीवनशाळांतून मुलांना स्वतःच्या बोलीत शिकवण्याचा आग्रह धरला. श्रमिक संघटनेच्या चळवळीतून पुढे आलेले कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ (१९८७) या संग्रहाने आणि विशेषतः ‘स्टेज’ या कवितेने हा मुद्दा थेट मांडला: आदिवासींचे दुःख आदिवासींनाच समजावून सांगणारे मंचावर बसलेले असतात, आणि ज्यांचे दुःख आहे ते खाली ऐकत राहतात. लेमला ज्ञात नसलेली अशी ही परिस्थिती आहे. येथे संदेश पाठवणारा दिसतो, त्याची भाषा शिकता येते, त्याला उलट प्रश्न विचारता येतो. तो समजला नाही याचे कारण विश्वाच्या रचनेत शोधण्याची गरज नाही. मंचाच्या रचनेत ते सापडते.

या फरकामुळे लेम निरुपयोगी ठरत नाही, उलट त्याचे उपयुक्त क्षेत्र अधिक रेखीव होते. सोलारिस-विद्येच्या ग्रंथालयाचे, होगार्थच्या सहकाऱ्यांच्या आत्मविश्वासाचे आणि समजल्याशिवाय उत्तरे देणाऱ्या यंत्रणेचे जे चित्र त्याने काढले, ते निरीक्षकाचे चित्र म्हणून जवळजवळ निर्दोष आहे. निरीक्षण ज्याचे होते त्याच्या बाजूने मात्र त्याने कधी लिहिले नाही. सागराच्या बाजूने ‘सोलारिस’ लिहिणे पोलिश लेखकाला शक्य नव्हते, कारण सागराला भाषा नव्हती. मराठीत, आणि भिलोरी व पावरीत, ते शक्य आहे. बारा अंकांत मावलेल्या माणसाच्या जागेवरून लिहिलेली विज्ञानकथा, जिच्यात ओळखयंत्र हेच परके आहे आणि त्याच्याशी संपर्क साधण्याची धडपड गावाकडून होते, ही नंदुरबार जिल्ह्यातून येऊ शकणारी अस्सल कादंबरी असेल, आणि ती प्रबोधनाच्या परंपरेत बसणार नाही.

संपर्क कसा फसतो याचे एक उपहासगर्भ उदाहरण लेमच्या स्वतःच्या कीर्तीच्या इतिहासात आहे. अमेरिकन विज्ञानकथा बहुतांशी दर्जाहीन आहे असे त्याचे मत होते, आणि त्यातून त्याने ज्या एकाला अपवाद म्हणून गौरवले, त्या फिलिप के. डिकने १९७४ साली अमेरिकेच्या तपास यंत्रणेला पत्र लिहून कळवले की लेम ही एक व्यक्ती नसून कम्युनिस्ट पक्षाची समिती असावी. अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने १९७३मध्ये दिलेले मानद सदस्यत्व १९७६मध्ये काढून घेतले. ‘सोलारिस’चे इंग्रजी रूप १९७०मध्ये निघाले ते फ्रेंच भाषांतरावरून केलेले होते, आणि मूळ पोलिशवरून थेट इंग्रजी भाषांतर २०११पर्यंत झाले नाही, ‘तंत्रज्ञानाचे सार’ इंग्रजीत पूर्ण येण्यास २०१३ साल उजाडले.

लेमला मराठीत आणण्याचे काम ज्या प्रकाशकाला किंवा विद्यापीठाला हाती घ्यावेसे वाटेल, त्याने एवढे तरी करावे की भाषांतर इंग्रजीवरून न करता पोलिशवरून करावे, ‘सोलारिस’बरोबर ‘मालकाचा आवाज’ आणि ‘तंत्रज्ञानाचे सार’ यांतील निवडक प्रकरणेही घ्यावीत, आणि त्या पुस्तकांच्या प्रती पुण्या-मुंबईप्रमाणेच शहादा आणि म्हसावद येथील शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही पोहोचतील अशी तजवीज करावी.